लिनक्स आणि हार्डवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे चांगले चालते संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले आणि ‘विंडोजच्या जागी लिनक्स टाकू का?’ हा प्रश्न घरोघरी आला. मी गेली बरीच वर्षं ओळखीच्या लोकांना, शाळांना आणि छोट्या कार्यालयांना लिनक्स टाकून देतो. हार्डवेअरबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत.

१. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स चालेल का? मॉडेल नंबर पाठवलाय, तेवढ्यावरून सांगाल ना?

तेवढ्यावरून अर्धंच सांगता येतं. एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी वाय-फाय कार्डं आणि वेगवेगळे टचपॅड बसवलेले असतात. एकाच दुकानातून एकाच आठवड्यात घेतलेल्या दोन लॅपटॉपपैकी एकात इंटेलचं वाय-फाय आणि दुसऱ्यात रिअलटेकचं निघालेलं मी पाहिलंय. म्हणून झाकणावरचं नाव विचारून भागत नाही, आतली चिप कोणाची ते विचारावं लागतं. ती ओळखायची रीत प्रश्न ४ मध्ये आहे.

ढोबळमानाने प्रोसेसर, रॅम, एसएसडी, कीबोर्ड, माउस, केबलचं नेटवर्क यांची काळजी करू नका. अडतं ते ठरलेल्या जागी: वाय-फाय, एनव्हिडियाचं ग्राफिक्स, प्रिंटर, बोटाच्या ठशाचा सेन्सर, आणि अगदी नव्या लॅपटॉपमधला कॅमेरा व स्लीप.

२. काही न पुसता आधी तपासून बघता येईल का?

येईल, आणि हे केल्याशिवाय इन्स्टॉल करूच नका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, विंडोजवर रूफस किंवा व्हेंटॉय या प्रोग्रॅमने त्यावर उबुंटू, मिंट किंवा फेडोरा या लिनक्सच्या तयार संचांपैकी (यांनाच डिस्ट्रो म्हणतात) एकाची आयएसओ फाइल चढवा आणि संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करा. हे ‘लाइव्ह’ सत्र रॅममध्ये चालतं. इन्स्टॉलचं बटण दाबेपर्यंत तुमच्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही.

डेस्कटॉप दिसला म्हणजे तपासणी झाली असं समजू नका. वाय-फाय जोडून एक व्हिडिओ लावा आणि आवाज आधी स्पीकरमधून, मग हेडफोनमधून ऐका. माइकवर दोन वाक्यं बोलून रेकॉर्ड करा, कॅमेरा उघडा, उजेड कमी-जास्त करायच्या कळा दाबा. ब्लूटूथवर फोन जोडा, एचडीएमआयला टीव्ही लावून पाहा. शेवटी झाकण मिटून दहा मिनिटं ठेवा. झाकण उघडल्यावर पडदा लगेच जागा झाला पाहिजे आणि तळाला हात लावला तर गार लागला पाहिजे. तळ गरम असेल तर प्रश्न १४ वाचा.

३. विंडोजमध्ये कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाकतो. लिनक्सचे ड्रायव्हर कुठून आणायचे?

ड्रायव्हर म्हणजे एखादं उपकरण कसं चालवायचं ते संगणकाला सांगणारा प्रोग्रॅम. बहुतेक वेळा ते आणावे लागतच नाहीत, आत असतात. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात आणि हजारो उपकरणांचे ड्रायव्हर त्या कर्नलच्याच कोडमध्ये राहतात. माउस खोचला की लगेच बाण हलतो तो त्यामुळेच.

याची दुसरी बाजू कळली की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. कर्नलच्या आतले भाग एकमेकांशी कसे बोलतात, हे आवृत्तीगणिक बदलू शकतं. ते कायमचं गोठवायचं नाही, असं कर्नल लिहिणाऱ्यांनी विचारपूर्वक ठरवलंय. ज्या ड्रायव्हरचा कोड मुख्य कर्नलमध्ये आहे, तो बदल करणाराच सोबत दुरुस्त करून देतो. जो बाहेर राहिला, त्याला प्रत्येक नव्या कर्नलशी पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. हे काम आपोआप व्हावं म्हणून डीकेएमएस नावाची सोय आहे: नवा कर्नल आला की ती बाहेरचा ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर पुन्हा बांधते. कोड जुळला नाही तर बांधणी फसते आणि अपडेटनंतर वाय-फाय जातं (प्रश्न १६).

फर्मवेअर हा याहून वेगळा भाग. खुद्द चिपच्या आत चालणारा तो छोटा प्रोग्रॅम असतो आणि चिप सुरू होताना ड्रायव्हर तो तिला पाजतो. तो बहुधा बंदिस्त असतो, कोड मिळत नाही. डेबियनने तत्त्व म्हणून तो अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवला होता, त्यामुळे ‘डेबियन टाकलं आणि वाय-फायच नाही’ ही तक्रार वर्षानुवर्षं यायची. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे बदललं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतं. नेटवरच्या जुन्या मराठी-हिंदी व्हिडिओंमधली दुसऱ्या पेनड्राइव्हवर फर्मवेअर ठेवायची युक्ती आता लागत नाही.

४. आतली चिप कोणाची ते कसं ओळखायचं?

लाइव्ह सत्रात टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि ‘एलएसपीसीआय -एनएनके’ (lspci -nnk) ही आज्ञा द्या, अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत. प्रत्येक उपकरणाची एक ओळ येईल. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांची दोन टोकं दिसतील, मधे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके. पहिलं टोक कंपनीचं, दुसरं चिपचं. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, त्यांच्या जुन्या प्रोसेसरच्या नावाचाच. एएमडीच्या ग्राफिक्सचा १००२.

खालच्या ओळीत सध्या कुठला ड्रायव्हर वापरात आहे ते लिहिलेलं असतं. ही ओळच नसेल तर त्या चिपला ड्रायव्हर मिळालेला नाही. यूएसबीवरच्या वस्तूंसाठी ‘एलएसयूएसबी’. ही दोन टोकं नेटवर शोधा, मॉडेलचं नाव शोधू नका. वेळ निम्म्याने वाचतो.

५. हार्डवेअर चालण्यासाठी कुठलं डिस्ट्रो चांगलं?

या बाबतीत डिस्ट्रोमधला फरक म्हणजे मुख्यतः कर्नल किती ताजा आहे एवढाच. एक उदाहरण देतो. रिअलटेकच्या वाय-फाय ६ चिपांचा ‘आरटीडब्ल्यू८९’ ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये ५.१६ पासून आला. एप्रिल २०२२ चं उबुंटू २२.०४ सुरुवातीला ५.१५ घेऊन आलं. एका आकड्याचा फरक, आणि तेवढ्यासाठी कित्येकांचं नवंकोरं वाय-फाय दिसेना. पुढे त्याच उबुंटूत नवा कर्नल आला आणि प्रश्न मिटला.

म्हणून गेल्या वर्षभरात बाजारात आलेला लॅपटॉप असेल तर फेडोरा किंवा उबुंटूची सर्वांत ताजी आवृत्ती घ्या. पाच वर्षं जुना असेल तर डेबियन, मिंट, काहीही घ्या.

६. इन्स्टॉल झालं, पण वाय-फायच दिसत नाही. नेटशिवाय ड्रायव्हर कसा उतरवू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. फोन हाताशी असेल तर घाबरायचं कारण नाही. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला तो केबलचं नेटवर्क वाटतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मात्र केबल नुसती चार्जिंगची असेल तर फोन दिसणारच नाही. एका गावी मी अर्धा तास सेटिंग धुंडाळत बसलो होतो, शेवटी शेजारच्या मुलाने दुसरी केबल आणून दिली आणि नेट आलं. आता पिशवीत चांगली केबल असतेच.

नेट आल्यावर पुढची वाट चिपवर अवलंबून आहे. इंटेल असेल तर बहुधा फर्मवेअरचं पॅकेज अपडेट केलं की काम होतं. रिअलटेक असेल तर आधी कर्नल ताजा करा. नेटवर मिळणारे बाहेरचे ड्रायव्हर हा शेवटचा उपाय, कारण प्रश्न ३ मध्ये आहे. ब्रॉडकॉम असेल, विशेषतः जुन्या मॅकबुकमध्ये, तर बऱ्याच चिपांना कंपनीचा बंदिस्त ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हरच लागतो. कंपनीने त्याची नवी आवृत्ती २०१५ नंतर काढलेली नाही. डिस्ट्रोवाले स्वयंसेवक ठिगळं लावून तो जगवतात, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. मिंट आणि उबुंटूमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ किंवा ‘अतिरिक्त ड्रायव्हर’ उघडलं की तो टिचकीसरशी येतो.

आणखी एक. विंडोज शेजारी ठेवली असेल आणि तिचं ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल, तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. अशा वेळी वाय-फाय कार्ड मधल्याच अवस्थेत अडकून लिनक्सला प्रतिसाद देत नाही, असं काही मशीनवर होतं. ते आधी बंद करा.

७. वाय-फाय कार्डच बदलून टाकू का? कुठलं घेऊ?

लॅपटॉपचं मागचं झाकण उघडत असेल आणि कार्ड वेगळं बसवलेलं असेल तर हा स्वस्तात मस्त उपाय आहे. इंटेलचं एएक्स२१० घ्या. शेवटचा आकडा नीट वाचून घ्या, कारण एएक्स२११ दिसायला तसंच, खोबणीत बसतंही तसंच, पण त्याचं अर्धं काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरमध्ये होतं. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ते चालणारच नाही. तीच जोडी आधीच्या पिढीत: एएक्स२०० कुठेही चालतं, एएक्स२०१ फक्त इंटेलवर. दुकानदाराला हा फरक ठाऊक असेलच असं नाही.

अपवाद: काही जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मान्य कार्डांची यादी असते आणि यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होत नाही. तसं झालं तर जुनं कार्ड परत बसवा आणि छोटा यूएसबी अडॅप्टर वापरा.

८. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे. लोक घाबरवतात. खरंच त्रास होतो का?

पूर्वीइतका नाही, पण तुमचं कार्ड कुठल्या पिढीचं यावर उत्तर पूर्ण बदलतं.

लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एनव्हिडियाबद्दल उघडपणे जो संताप व्यक्त केला, त्याचं कारण हेच होतं की कंपनी माहिती देत नव्हती. स्वयंसेवकांनी कार्डाचं वागणं तपासत तपासत ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर लिहिला. पण ९०० मालिकेपासून कंपनीने सही केलेल्या फर्मवेअरशिवाय कार्डाचा वेग वाढवता येणार नाही असं केलं. नूवोवर ही कार्डं सुरू होतात तेव्हाच्या कमी वेगातच राहतात. पडदा दिसतो, पण गेम किंवा ब्लेंडरसारखं त्रिमितीय चित्रांचं काम विसरा.

मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, तो ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून. या कार्डांवर डिस्ट्रोच्या साठ्यातला ड्रायव्हर टाका, बहुतेकांचं काम निर्धास्त होतं. आरटीएक्स ५० मालिकेला तर हा खुला भागच लागतो, जुना बंदिस्त चालत नाही.

मधे अडकलेत ते जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेवाले: १०५०, १०५० टीआय, १०६०. आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या सेकंडहँड लॅपटॉपमध्ये हीच कार्डं जास्त. नूवो त्यांना वेग देऊ शकत नाही, खुला भाग त्यांना ओळखत नाही. एनव्हिडियाने जाहीर केल्याप्रमाणे ५८० ही त्यांच्यासाठी शेवटची ड्रायव्हर शाखा (आवृत्त्यांची मालिका). तुमच्याकडे असं कार्ड असेल तर ५८० शाखेवर राहा आणि दीर्घ मुदतीचं डिस्ट्रो वापरा. जुना लॅपटॉप आता विकत घेणार असाल तर याच कारणासाठी हे कार्ड असलेला घेऊ नका.

ड्रायव्हर नेहमी डिस्ट्रोच्या साठ्यातून घ्या. कंपनीच्या साइटवरची फाइल थेट चालवली की पुढच्या कर्नल अपडेटला काळा पडदा यायची शक्यता वाढते.

९. लॅपटॉपचा पडदा दिसतो, पण एचडीएमआयला प्रोजेक्टर लावला तर काहीच येत नाही.

दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये आतला पडदा इंटेल किंवा एएमडीकडे आणि एचडीएमआयचं भोक एनव्हिडियाच्या चिपकडे, अशी जोडणी बऱ्याचदा असते. एनव्हिडियाचा ड्रायव्हर नसला तर ते भोक मेलेलंच राहतं. ड्रायव्हर टाका. लगेच वर्ग घ्यायचा असेल तर काही लॅपटॉपचं यूएसबी-सी भोक दुसऱ्या चिपला जोडलेलं असतं, तिथून अडॅप्टर लावून पाहा.

१०. इन्स्टॉलरला हार्ड डिस्कच दिसत नाही. विंडोज तर तिच्यावरच चालते!

डिस्क बिघडलेली नाही. बायोसमध्ये साठवणुकीची पद्धत ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ ठेवलेली असते. तिच्या काही प्रकारांत एनव्हीएमई डिस्क (नव्या जातीची वेगवान एसएसडी) इंटेलच्या नियंत्रकामागे लपते आणि लिनक्सला दिसत नाही. नव्या मशीनवरच्या ‘व्हीएमडी’चा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, त्यामुळे ताज्या डिस्ट्रोला ती बहुधा दिसते. दिसत नसेल तर बायोसमध्ये ‘एएचसीआय’ निवडावं लागतं.

थांबा, लगेच बदलू नका. नुसतं बदललंत तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल. आधी विंडोजमधून ‘एमएसकॉन्फिग’ उघडून सेफ बूट लावा, मग बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या, मग सेफ बूट काढा. आणि या सगळ्याच्याही आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि पुष्कळांना हे माहीतच नसतं. बायोसमध्ये हात घातला की विंडोज ती की मागते. की नसेल तर डेटा गेला, कुणीही परत आणू शकत नाही.

११. सिक्युअर बूट बंद करावंच लागतं का?

नाही. सिक्युअर बूट म्हणजे मान्य सही नसलेलं काही सुरुवातीला चालू न देणारी सोय. उबुंटू, फेडोरा, डेबियन, सुसे यांच्या सुरुवातीच्या ‘शिम’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमवर मायक्रोसॉफ्टची सही असते, म्हणून ते सिक्युअर बूटसह चालतात. अडचण बाहेरच्या ड्रायव्हरची. डीकेएमएसने तुमच्या मशीनवर बांधलेल्या ड्रायव्हरवर मशीनला आधीपासून मान्य असलेली सही नसते. म्हणून इन्स्टॉल करताना एक पासवर्ड विचारतात, आणि रिबूट झाल्यावर निळ्या पडद्यावर ‘मॉक’ व्यवस्थापन येतं. तिथे ‘एनरोल’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत लोक ‘कंटिन्यू’ दाबतात आणि मग एनव्हिडिया चालत नाही म्हणून फोन करतात.

काही नव्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये ‘थर्ड पार्टी’ प्रमाणपत्राला मुळातच परवानगी नसते. तेवढी एक खूण सुरू करा, सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही.

१२. विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे!

मशीनच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. भारतीय वेळेशी फरक साडेपाच तासांचा. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ (timedatectl set-local-rtc 1) दिलं की दोघांचं जुळतं. सीएमओएसचा (मदरबोर्डवरच्या घड्याळाचा) सेल बदलायची गरज नाही.

१३. ऑफिसचा प्रिंटर चालेल का?

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण छोट्या कार्यालयांचं लिनक्स बहुतेक प्रिंटरपाशी अडतं.

लिनक्सवर छपाईचं काम ‘कप्स’ करतं. प्रिंटर तीन प्रकारचे समजा. पहिला, गेल्या आठ-दहा वर्षांतले नेटवर्क किंवा वाय-फाय प्रिंटर. खोक्यावर ‘एअरप्रिंट’ किंवा ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ असेल तर ड्रायव्हर लागतच नाही. आयफोनवरून जो प्रिंटर ड्रायव्हरशिवाय छापतो तो लिनक्सवरूनही छापतो, ही खूण लक्षात ठेवा.

दुसरा, छपाईची ठरलेली भाषा स्वतः समजणारे: पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल लेझर, आणि आपले डॉट मॅट्रिक्स. एका पतसंस्थेत पासबुक छापायचा जुना, करकरणारा डॉट मॅट्रिक्स होता. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की तोच अडणार. बहुतेक डॉट मॅट्रिक्स एपसनची आज्ञावली समजतात आणि कप्समध्ये ‘एपसन ९-पिन’ हा पर्याय आधीपासून आहे. तो निवडला, पासबुक सरकवलं आणि पहिल्याच झटक्यात नोंद बरोबर ओळीवर बसली. अडला तो टेबलावरचा नव्यासारखा लेझर.

कारण तो तिसऱ्या प्रकारचा होता. स्वस्तात देण्यासाठी कंपन्या प्रिंटरमधली अक्कल काढून संगणकाच्या ड्रायव्हरमध्ये ठेवतात. ड्रायव्हर नाही तर प्रिंटर नुसती पेटी. भारतीय कार्यालयांत सर्रास दिसणारा कॅनन एलबीपी२९०० याच जातीचा, तो ‘कॅप्ट’ नावाची कंपनीची खासगी भाषा बोलतो. कॅननने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला होता, पण त्याला ३२ बिटांच्या जुन्या लायब्रऱ्या आणि पाठीमागे सतत चालणारी वेगळी सेवा लागते, त्यामुळे नव्या डिस्ट्रोवर तो बसवणं चिकाटीचं काम आहे. स्वयंसेवकांनी लिहिलेला मुक्त कॅप्ट ड्रायव्हर आहे, तोही करून पाहा. एचपी लेझरजेट १०२० ची गोष्ट वेगळी: बंद केला की तो आपलं फर्मवेअर विसरतो, दर वेळी संगणकाने ते पुन्हा द्यावं लागतं. एचपीचं ‘एचपीलिप’ हे ड्रायव्हरचं पॅकेज आणि त्याचं प्लगइन टाकलं की हे आपोआप होतं.

तिसऱ्या प्रकारचा प्रिंटर बदलणं शक्य नसेल तर कोपऱ्यातल्या एका विंडोज मशीनला तो जोडून नेटवर्कवर शेअर करा. नवा घेताना प्रश्न १९ पाहा. स्कॅनरचं काम ‘सेन’ करतं. वाय-फायवरच्या ऑल-इन-वनचा स्कॅनर आता बहुधा ड्रायव्हरशिवाय चालतो, जुन्या यूएसबी स्कॅनरसाठी सेनच्या यादीत मॉडेल पाहून घ्या.

१४. झाकण मिटून बॅगेत ठेवला. काढला तेव्हा तापलेला आणि बॅटरी शून्य.

पूर्वी लॅपटॉप झोपला की रॅम सोडून सगळं बंद व्हायचं, त्या अवस्थेला एस३ म्हणतात. नव्या लॅपटॉपमध्ये बनवणाऱ्यांनी ती काढून फोनसारखी अर्धवट झोप आणली. या झोपेत प्रत्येक उपकरणाने स्वतःहून शांत व्हावं लागतं. एकाने जरी मान टाकली नाही, तरी प्रोसेसर खोल झोपेत जात नाही आणि बॅगेत तापत राहतो. विंडोजवरही ही तक्रार येते, ती लिनक्सचीच नाही.

बायोसमध्ये झोपेचा प्रकार निवडायची सोय आहे का पाहा. काही थिंकपॅडमध्ये ‘लिनक्स’ असा पर्यायच असतो. बायोस अपडेट करा, ‘एफडब्ल्यूअपडी’ या सोयीमुळे डेल, लेनोव्होसारख्या कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलचं बायोस लिनक्समधूनच अपडेट होतं. काहीच जमलं नाही तर प्रवासात पूर्ण बंद करा. एसएसडी असेल तर पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागत नाही.

१५. नव्या लॅपटॉपचा कॅमेरा लिनक्सवर दिसतच नाही. हार्डवेअर खराब आहे का?

बहुधा नाही. जुने कॅमेरे आतून यूएसबीला जोडलेले असायचे आणि सगळे एकाच ठरलेल्या पद्धतीने बोलायचे. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या सुमारास काही पातळ, महागड्या लॅपटॉपमध्ये कॅमेरा थेट प्रोसेसरमधल्या ‘आयपीयू६’ला जोडला गेला. तिथून कच्चं चित्र येतं, त्याला रंगरूप देणं सॉफ्टवेअरकडे. कर्नल ६.१० पासून याचा मूळ भाग आत आलाय आणि चित्र सुधारायचं काम ‘लिबकॅमेरा’ करतं. ताज्या डिस्ट्रोवर पाहा. उद्याच मुलाखत असेल तर साधा यूएसबी वेबकॅम घ्या, तो लावताक्षणी चालतो.

१६. काल चालत होतं, आज अपडेटनंतर वाय-फाय किंवा पडदा गेला.

सुरू होताना ग्रबच्या (काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत ‘प्रगत पर्याय’ उघडा आणि आधीचा कर्नल निवडा. डिस्ट्रो किमान एक जुना कर्नल ठेवतं ते यासाठीच. यादी दिसत नसेल तर सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ठेवा. जुन्यावर चाललं तर दोष नव्या कर्नलशी न जुळलेल्या बाहेरच्या ड्रायव्हरचा, तो काढून पुन्हा टाका.

१७. बोटाचा ठसा, आधारचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, डीटीपीचं डोंगल: यांचं काय?

चारही वेगळे आहेत, एकत्र मोजू नका.

लॅपटॉपचा ठशाचा सेन्सर ‘लिबएफप्रिंट’ या लिनक्सच्या ठसा-लायब्ररीच्या यादीत असेल तरच चालेल. यादीत नसेल तर सोडून द्या, पासवर्ड आहेच.

आधारचं यंत्र लिबएफप्रिंटने कधीच चालणार नाही. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या नियमाप्रमाणे ठसा यंत्राच्याच ‘आरडी सर्व्हिस’मधून सही होऊन, कूटबद्ध होऊनच बाहेर पडतो. ती सेवा बनवणाऱ्याने लिनक्ससाठी दिली नसेल तर वाट बंद. निवृत्तिवेतनधारकांनी हयातीच्या दाखल्यासाठी फोनवरची चेहरा ओळखण्याची सोय वापरावी, ती २०२१ पासून आहे आणि वयस्कर बोटांचे ठसे उमटत नाहीत तिथे तर तीच बरी.

डिजिटल सहीच्या टोकनसाठी लिनक्सवर ‘पीसीएससीडी’ सेवा आणि ‘ओपनएससी’ आहे. पण टोकनच्या कंपनीने लिनक्सची लायब्ररी दिली आहे का, आणि ज्या पोर्टलवर सही करायची त्याचा सही करणारा प्रोग्रॅम लिनक्सवर चालतो का, हे दोन्ही तपासा. निविदा भरायच्या शेवटच्या दिवशी हा प्रयोग कृपा करून करू नका.

जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरचं डोंगल वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीत) सहसा ओळखलं जात नाही, कारण त्याला विंडोजच्या कर्नलमधला ड्रायव्हर लागतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) विंडोज टाकून डोंगलचं यूएसबी थेट तिच्याकडे सोपवलं तर बऱ्याचदा काम होतं. त्याहून चांगलं म्हणजे जुना मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये आणणं. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डबद्दलही विचारतात: मांडणी सॉफ्टवेअरमध्ये असते, कुठलाही कीबोर्ड चालतो.

१८. अगदी जुना संगणक किंवा मॅकबुक असेल तर?

३२ बिटांचं दार आता जवळजवळ मिटलंय. उबुंटूने डेस्कटॉपची ३२ बिट आयएसओ २०१७ मध्ये बंद केली आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट इंटेल मशीनसाठी इन्स्टॉलर नाही. पण निराश होण्याआधी प्रोसेसर पाहा: ३२ बिट विंडोज ७ असलेल्या बऱ्याच मशीनमध्ये कोअर टू ड्युओ असतो आणि तो ६४ बिटांचा आहे. ४ जीबी रॅम, एक स्वस्त एसएसडी आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, एवढ्यात अभ्यास आणि पत्रव्यवहार नीट होतो. जुनी फिरती हार्ड डिस्क मात्र बदलाच, कुठल्याही डिस्ट्रोपेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

मॅकबुकचे तीन काळ आहेत. ॲपलच्या टी२ या सुरक्षा-चिपच्या आधीचे चालतात, फक्त वाय-फायसाठी प्रश्न ६ पाहा. २०१८ ते २०२० च्या टी२ चिपवाल्यांना खास ठिगळं लावलेला कर्नल लागतो. ॲपलच्या स्वतःच्या एम१ आणि एम२ प्रोसेसरसाठी ‘असाही’ प्रकल्पाने कमालीचं काम केलंय, ॲपलने कागदपत्रं दिलेली नसताना. त्यांचं फेडोरा असाही रिमिक्स वापरा. एम१-एम२ पुढच्या मॅकसाठी आधी त्यांच्या पानावरचा तक्ता वाचा.

१९. शाळेसाठी वीस संगणक आणि प्रिंटर घ्यायचेत. डॉसवाले स्वस्त पडतात. कोटेशनमध्ये काय लिहू?

‘डॉस’ लिहिलेलं असणं म्हणजे विंडोजचे पैसे घेतले नाहीत एवढंच, लिनक्स चालेल याची हमी नाही. कारखान्यातून उबुंटू टाकून आलेल्या मॉडेलवर मात्र भरवसा ठेवता येतो. केरळच्या शाळा कित्येक वर्षं काइट ग्नू/लिनक्सवर चालतात, तेव्हा हे होत नाही असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

कोटेशनमध्ये या अटी लिहा: ग्राफिक्स इंटेल किंवा एएमडीचं, प्रोसेसरमधलंच. वाय-फाय चिप कोणती ते नावानिशी. प्रिंटर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअरचा. माल उतरवताना आम्ही दिलेल्या लाइव्ह पेनड्राइव्हवर प्रत्येक मशीन सुरू करून दाखवायचं. आणि मान्य केलेल्या नगाऐवजी ‘तसाच दुसरा’ चालणार नाही. ही शेवटची अट सोडू नका: नमुना म्हणून आलेलं मशीन छान चाललं आणि ट्रकमधून आलेल्या वीसांत वाय-फाय दुसऱ्याच चिपचं निघालं, असं एका शाळेत झालंय, आणि तेव्हा ही ओळ कागदावर नव्हती.

२०. सगळं करून पाहिलं. मदत मागताना काय पाठवू?

डिस्ट्रोचं नाव आणि आवृत्ती, ‘यूनेम -आर’ने (uname -r) दिसणारा कर्नल, प्रश्न ४ मधल्या आज्ञेचं पूर्ण उत्तर आणि ‘डीमेसेज’मधल्या (dmesg) त्या उपकरणाबद्दलच्या ओळी. पडद्याचा फोटो नको, मजकूरच पाठवा, म्हणजे शोधता येतो. फक्त त्यात संगणकाचा अनुक्रमांक किंवा वाय-फायचं नाव असेल तर पुसून पाठवा. आधी कधी चालत होतं आणि नेमकं कशानंतर थांबलं, हे एका ओळीत लिहा.